पडून राहायचा पगार

माझ्या सुनेला डॉक्टरीणबाईंनी पडून राहायला सांगितलं होतं. नुसतं पडून राहायचं, वेळेवर गोळ्या घ्यायच्या, झेपेल तसं अंडं-दूध खायचं, आणि त्या पडून राहण्याबद्दल पगाराचा बराचसा भाग तिच्या बँकेत जमा व्हायचा होता. असं काही जगात असतं हे मला ठाऊक नव्हतं, असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण डॉक्टरीणबाईंनी ते माझ्यासमोरच सांगितलं होतं, आणि घरी आल्यावर मुलानं पुन्हा समजावून सांगितलं होतं. मी दोघांचं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेचा डबा उचलून तिच्या जागेवर कामाला निघून गेले.

आमचा पाडा आशागडच्या मागं, मोठ्या रस्त्यावरून चालत बरंच आत. पाड्यातले पुरुष चिकूच्या वाड्यांवर मजुरीला जातात, पावसात आपापल्या तुकड्यात भात लावतात, आणि बायका जातात फुग्यांच्या कारखान्यात. जत्रेत पोर रडायला लागलं की बाप वैतागून जो फुगा हातात देतो, तो आमच्यासारख्या कुणीतरी साच्यावरून ओढून काढलेला असतो. लांबट साचे रंगीत रबराच्या दुधात बुडवायचे, वाळवायचे, फुग्याच्या तोंडाचा काठ गुंडाळायचा, पावडर मारायची आणि फुगा सोलून काढायचा. दिवसभर तेच. संध्याकाळी बायका बाहेर पडतात तेव्हा कोपरापर्यंत पांढऱ्या असतात, आणि त्या दिवशी लाल रंग चालला असेल तर नखं पुढं कितीतरी दिवस लाल. नव्या माणसाला वाटावं, या बायका कुठल्या लग्नाहून आल्या. रबराच्या दुधाचा वास मात्र लग्नाचा नसतो. तो नाकात बसतो, जेवणात उतरतो आणि उशीतही येतो.

मी लग्न होऊन आले तेव्हा सासूनं आधी देव्हारा दाखवला, मग विहीर दाखवली आणि मग कारखाना दाखवला. त्या वेळची मी म्हणजे एक नमुना होते. अंगात ताप असला तरी जायची. मुलाच्या वेळी बाळंतपणानंतर अंग सावरायच्या आत कामावर हजर. दुपारपर्यंत पोलकं अंगावरच्या दुधानं भिजायचं, त्यावर पावडर उडून बसायची आणि दोन्हीची खळ होऊन छातीवर वाळायची. घरी येऊन मी ती नखानं खरवडून काढायची. आणि हे मी रडत सांगत नसे, मिरवत सांगत असे. पुढं कितीतरी वर्षं कारखान्यात नवी मुलगी आली आणि पोट दुखतं म्हणून बसली की मी तिच्यासमोर माझी ही कथा लावायची. मुली बिचाऱ्या उठून कामाला लागायच्या. आता ती तेव्हाची मी रस्त्यात भेटली तर तिला सावलीत ओढून बसवीन, पाणी पाजीन, आणि मग पाठीत एक धपाटा घालीन.

कारखान्यात आमची एक रीत होती. तिला आम्ही जागा राखणं म्हणायचो. एखादी आजारी पडली, माहेरी गेली, कुणाची भाताची आवणी आली, तर तिच्या घरातली दुसरी बाई तिच्या जागेवर उभी राहायची. सकाळी हजेरी घेताना जिची जागा तिचंच नाव पुकारलं जायचं आणि जी आली असेल ती ओ द्यायची. मुकादमाला माणसं पुरी भरल्याशी मतलब. जागा रिकामी ठेवली की दुसऱ्या पाड्यातली कुणीतरी तिथं येऊन उभी राहणार आणि मग ती हलायची नाही, ही भीती सगळ्यांच्या पोटात असायची. मी जावेची जागा राखली, जावेनं माझी राखली. एका आवणीच्या दिवसांत तर आमचा इतका घोळ झाला की आज कोण कुणाच्या नावानं आली हे आमचं आम्हालाच कळेना. जावेचं नाव पुकारलं, दोघींनी ओ दिली. माझं पुकारलं, दोघी गप्प. मुकादम म्हणाला, घरून ठरवून येत जा गं, मी काय तुमच्या कुंडल्या बघू. आम्ही दोघी पदर तोंडात कोंबून हसत राहिलो. आपण किती हुशार, असं वाटायचं तेव्हा.

आमच्या पगारातून विम्याचे पैसे कापले जायचे. ते कशाचे हे कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. सुरुवातीला मला वाटायचं, शेठच्या गावाकडं देऊळ बांधताहेत, त्याची वर्गणी असेल. पुढं कळलं की हा विमा. तर माझ्या समजुतीनं विमा हा माणूस मेल्यावर मिळतो, म्हणून मला त्याची काही घाई नव्हती. ताप आला की मेडिकलवाल्याची गोळी, अंग दुखलं की निर्गुडीचा शेक. विम्याच्या दवाखान्याची पायरी मी सगळ्या नोकरीत चढले नाही. मग गुडघे गेले. तेव्हा माझी जागा मी सुनेला दिली. दुसऱ्या घरात सासू सुनेला पाटल्या देते, तशी. तिला बिचारीला वाटलंही असेल की हे काहीतरी मोठं देणं आहे.

सून माझ्यासारखी नाही. कमी बोलते. हसली तरी आवाज करत नाही. म्हणून तिचा खोकलासुद्धा आम्हाला उशिराच ऐकू आला. मी म्हटलं, पावडर घशात जाते, सगळ्यांना होतो. अडुळशाचा काढा दिला, आलं-मध दिलं. मग संध्याकाळी अंग तापायला लागलं, पोलकी ढगळ झाली, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. शेवटी मुलगा एक दिवस वाडीवरची मजुरी बुडवून तिला विम्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. आमच्याकडून इको गाडीनं हायवेपर्यंत, तिथून दुसऱ्या गाडीनं तलासरीच्या बाजूला. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. टीबी निघाला.

पुढच्या खेपेला मीही बरोबर गेले. डॉक्टरीणबाई तरुण, डोळ्यांखाली काळं आलेलं, समोर रांग दारापर्यंत. त्यांनी सगळं सावकाश सांगितलं. औषध महिनोन्महिने चालेल. सुरुवातीला मळमळेल, तरी गोळी चुकता कामा नये, चुकली तर आजार हट्टाला पेटतो. कामावर जायचं नाही, त्यासाठी त्या दाखला देतील, दाखला विम्याच्या ऑफिसात दिला की आजारपणाचे पैसे मिळतील. घरातलंही जड काम करायचं नाही. मी विचारलं, मग घरातलं करायचं कुणी. बाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, तुम्ही आहात ना, आजी.

आता इतकं सरळ सांगितलेलं काम. घरात राहायचं, चूल बघायची, नातीला शाळेत सोडायचं, सुनेच्या हातात वेळेवर गोळी ठेवायची. पण परतताना इकोत बसल्यापासून माझ्या डोक्यात एकच फिरत होतं. कारखान्यात थंडीच्या हंगामाची मोठी ऑर्डर होती. आमच्याच पाड्यातली एक बाई आपल्या मुलीसाठी मुकादमाच्या घरी चिकूची टोपली देऊन आली होती, हे मला पाणवठ्यावर कळलं होतं. जागा रिकामी दिसली की गेली. ही बरी होईल तेव्हा जाणार कुठं? सुनेला मी काही बोलले नाही. तिच्या मनातही तेच होतं. काम बंद हे शब्द ऐकल्यापासून ती दवाखान्याचा कागद पदराच्या टोकात गुंडाळत होती आणि सोडत होती.

मुकादमाला मी जुनी ओळखीची. तो म्हणाला, काकी, या वयात जमेल का तुम्हाला? मी म्हटलं, तू फक्त नाव पुकार. कारखान्यात मध्ये अंगठ्याचं मशीन आणलं होतं, पण रबर सोलून सोलून बायकांच्या अंगठ्यांवर रेषाच राहिलेल्या नाहीत, मशीन निम्म्या बायकांना ओळखेना. म्हणून परत नाव पुकारून हजेरी सुरू झाली होती. माझ्या दृष्टीनं देवानंच वाट करून दिली. तर सुनेच्या नावाला मी ओ दिली, आणि सुनेच्या नावापुढं हजर लागलं.

पहिले काही दिवस मला चढलीच होती. हात विसरले नव्हते. पोरी मला सुनेच्या नावानं हाक मारायच्या आणि विचारायच्या, काय गं, आज नवऱ्यानं डब्याला काय केलं? त्यांचा तो नवरा म्हणजे माझा मुलगा. मीही म्हणायची, कसला नवरा, अजून मीच त्याला वाढते. सगळ्या रांगेत हशा. दुपारपर्यंत मी त्या पोरींच्या पुढं असायची. दुपारनंतर पाय ओरडायला लागायचे. साच्यांच्या उष्णतेनं तोंड पोळायचं, कंबर वाकवली की सरळ व्हायची नाही आणि सरळ केली की वाकायची नाही. मग मी भिंतीला टेकून उभी राहायची आणि शेजारची मुलगी न बोलता माझ्या वाटणीचे थोडे साचे आपल्याकडं ओढून घ्यायची. एके काळी मी ज्यांना कथा ऐकवून उठवत असे, तसलीच ती मुलगी. तिनं मला काहीही ऐकवलं नाही.

घरी आले की मी ओट्यावर आडवी व्हायची. सून आतून उठून यायची, पाणी तापवायची, माझ्या पायांवर घालायची. नको म्हटलं तरी पाय चेपत बसायची, मध्येच तोंड फिरवून खोकायची. म्हणजे जिनं पडून राहायचं ती उठली होती, आणि जिनं घर बघायचं ती पडली होती. मुलगा एकदा म्हणाला, आई, हे उलटंपालटं झालंय. मी म्हटलं, तुला काय कळतं, जागा राखावी लागते.

मग तो दिवस आला. सून एकटीच दवाखान्यात गेली होती, नवा दाखला आणायला. आली ती गप्प. ती नेहमीच गप्प असते, म्हणून मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर ती अंघोळ करून, केस बांधून, डब्यात भाकरी घालत होती.

"आई, आजपासून मी जाते," ती म्हणाली. "तुमचे पाय सुजलेत."

मी डबा तिच्या हातातून काढून घेतला. मग एकेक शब्द ओढून काढावा लागला, ओल्या साच्यावरून फुगा निघतो तसा. विम्याच्या ऑफिसनं कारखान्याला विचारलं होतं की ही बाई आजारपणाच्या दिवसांत खरंच गैरहजर होती का. कारखान्यानं हजेरी पाहून कळवलं की नव्हती, रोज हजर आहे. ऑफिसनं पैसे थांबवले आणि दवाखान्यालाही कळवलं. डॉक्टरीणबाई रांगेसमोर तिला म्हणाल्या होत्या, कामावर जायचं आणि इथं आजारी म्हणून दाखला घ्यायचा, मला फसवताय की स्वतःला? नवा दाखला त्यांनी दिला नव्हता.

"मग तू सांगितलं का नाहीस, सासू जाते म्हणून?"

"तुमचं नाव कसं घेऊ?"

एवढंच म्हणाली. मला आधी डॉक्टरीणबाईंचा राग आला, मग ऑफिसचा, मग मुकादमाचा. सगळ्यांचा आळीपाळीनं आल्यावर उरले फक्त मी. ही आता रबराच्या वासात जाणार, गोळीनं आधीच मळमळतंय, ओकारी येते म्हणून कामाच्या दिवशी गोळी टाळणार. चुकवू नका एवढंच तर त्या बाईंनी बजावलं होतं. मी तिला म्हटलं, डबा राहू दे, चप्पल घाल, आपण ऑफिसात जायचं.

हायवेला गाडीची वाट पाहत दगडावर बसलो होतो. ट्रकामागून ट्रक गुजरातकडं जात होते आणि त्यांच्या वाऱ्यानं तिची साडी अंगाला चिकटायची तेव्हा ती किती राहिली आहे ते दिसायचं. माझ्या पायांना जमिनीचा स्पर्शही नकोसा झाला होता. कुणी म्हणालं असतं, बायांनो, दोघी इथंच झोपा, तर आम्ही झोपलो असतो.

ऑफिसात साहेबांची जेवणाची वेळ झाली होती. बाकावर बसून राहिलो. मग खिडकीशी बोलावलं. साहेब पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि कंटाळलेल्या आवाजात म्हणाले, कंपनी हजर म्हणते, मग मी काय करू?

"ती नव्हती, साहेब. मी होते."

"तुम्ही कोण?"

"तिच्या नावानं मी."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. आळीपाळीनं दोघींकडं पाहिलं. मी म्हटलं, नीट बघून घ्या, हिला अजून सगळे दात आहेत. सुनेनं माझा पदर मागून ओढला. मग मी सुरुवातीपासून सांगायला लागले, जागा राखण्याची रीत, माझी जाऊ, आवणी. साहेबांनी हात वर केला. आजी, म्हणाले, हे सगळं मला सांगू नका, ऐकलं की मला लिहावं लागेल. पण हात वर करूनही त्यांना हसू आलेलं मी पाहिलं. ते खुर्ची ओढून खिडकीच्या जवळ आले.

"मला एक सांगा, तुम्ही गेलात कशाला?"

"नाही गेले तर जागा जाईल ना."

"कुणी सांगितलं? ती आजारपणाच्या रजेवर आहे, विम्याचे पैसे घेतेय, तोवर तिला कामावरून काढता येत नाही. कायदा आहे तसा."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. मी विचारलं, मग तिची जागा राखतं कोण? ते म्हणाले, तिची रजाच राखते. ती घरी पडून आहे, हेच तिची जागा राखतंय. तुम्ही तिथं जाऊन हजर लावलंत, म्हणजे कागदावर ती आजारीच नाही. आजारी नाही, म्हणजे पैसे नाहीत. आणि उद्या ती खरोखरच जागेवर दिसली नाही, तर विनापरवानगी गैरहजर म्हणून काढायला ते मोकळे.

सुनेनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. तिनं विचारलं, आता काय करायचं. साहेब म्हणाले, जे दिवस हजर लागले ते गेले, त्यांचा पगार मिळालाच आहे, त्यावर बोट ठेवू नका. उद्यापासून गैरहजर लागलं पाहिजे. दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना खरं सांगा, दाखला घ्या, इथं आणून द्या. आम्ही पुन्हा कंपनीला विचारू. आणि माझ्याकडं पाहून म्हणाले, आजी, या वेळी कुणीही ओ द्यायची नाही.

उठता उठता मी विचारलं, हा कायदा नवा आलाय का?

"नाही हो. जुना आहे. तुमच्या वेळीही होता."

बाहेर बाकावर बसले आणि मला हसायलाच आलं. पदर तोंडाला लावून हसत होते. सुनेला वाटलं रडतेय, ती पाठीवरून हात फिरवायला लागली. मी कशी सांगू तिला? माझ्या डोळ्यांसमोर ती पोरगी धावत होती, छातीवर खळ वाळलेली, घरी तान्हं पोर रडत ठेवून, जागा राखायला. आणि मागं कुठल्या तरी ऑफिसात तिची जागा कधीची राखून ठेवलेली. नुसती घरी झोपली असती तरी चाललं असतं. वेडी कुठली. आणि वर मिरवायची.

त्याच दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंना मीच सांगितलं. बहुतेक रागवायला लागणारी ताकद त्यांच्याकडं उरली नव्हती. मग सुनेची छाती तपासली, वजन केलं, दाखला लिहिला. म्हणाल्या, मी तेव्हा बोलायला नको होतं तसं. सून म्हणाली, चालतं. परत जाताना मुकादमाच्या घरी मी एकटी गेले.

मुकादम वैतागला. ऑर्डरच्या दिवसांत माणूस कमी म्हणजे शेठ त्याच्या डोक्यावर बसणार. म्हणाला, काकी, तुम्ही नाही आलात तर मी तुमच्याच पाड्यातल्या त्या मुलीला घेतो, मग नंतर माझ्या दारात यायचं नाही. मी त्याला साहेबांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, आणि साहेबांनी न सांगितलेलंही थोडं सांगितलं.

"ते स्वतः येऊन हजेरी बघणार आहेत म्हणाले."

"खरंच म्हणाले?"

"मी कशाला खोटं बोलू?"

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की आम्हा दोघांनाही हसू आवरेना. पण त्यानं कबूल काही केलं नाही. तो म्हणाला, उद्या मी नाव पुकारीन, पुढं ज्याचं त्यानं बघावं.

रात्रभर मला धाकधूक. कायदा साहेबांच्या खिडकीत असतो, आणि जागा मुकादमाच्या हातात. साहेब काय, खिडकी बंद करून घरी जातील. ती मुलगी एकदा साच्यांपुढं उभी राहिली की तिला कोण हलवणार? आयुष्यभर मी रिकामी जागा म्हणजे गेलेली जागा असंच धरून चालले होते. उद्या ती स्वतःच्या हातानं रिकामी सोडायची.

सकाळी राहवलं नाही म्हणून मी कारखान्याच्या फाटकापर्यंत गेलेच. आत गेले नाही. जाळीला धरून उभी राहिले. बायका ओळीत उभ्या, मुकादम नावं पुकारत होता, आणि ओ येत होती. ती टोपलीवाल्या बाईची मुलगीही आली होती, भिंतीशी, नवी चप्पल घालून. मग त्यानं सुनेचं नाव पुकारलं.

जीभ टाळूला लागली होती माझी. इतक्या वर्षांची सवय, नाव कुणाचंही असो, ओ आपोआप यायची. मी पदराचं टोक दातात धरलं. त्यानं मान वर करून फाटकाकडं पाहिलं, मी दिसले, आणि त्यानं नाव पुन्हा पुकारलं. सगळी ओळ माझ्याकडं वळून बघत होती. कुणी हसत नव्हतं. नाव पुकारल्यावर ओ येत नाही तेव्हा जे वाटतं ते मी इथं लिहिणार नाही. मी जाळी धरून उभी राहिले आणि तोंड उघडलं नाही. त्यानं खाली मान घालून काहीतरी लिहिलं आणि पुढचं नाव घेतलं.

मग त्यानं भिंतीजवळच्या मुलीला खूण केली. ती सुनेच्या जागेवर जाऊन उभी राहिली. मला तेवढं पाहायला नको होतं.

घरी आले तर सून अंथरुणात बसलेली, दाराकडं डोळे लावून. मी म्हटलं, लागलं गैरहजर. तिनं विचारलं, आणि जागेवर? मी म्हटलं, आहे कुणीतरी. मी तिच्या हातावर गोळी ठेवली, पाणी दिलं, तिनं ओकारी आवरत ती गिळली आणि आडवी झाली. दुपारी नात शाळेतून आली तेव्हाही ती झोपलेलीच होती, तोंड उघडं टाकून, आवाज करून. लग्न होऊन आल्यापासून या बाईला मी दिवसा झोपलेलं पाहिलं नव्हतं.

पैसे यायला बराच वेळ लागला. मध्ये दोन फेऱ्या मारल्या, एकदा साहेब सुट्टीवर होते, एकदा कंपनीचं उत्तर आलं नव्हतं. मुलगा वाडीवर जास्तीच्या मजुरीला राहायचा, नरपडपर्यंत जायचा, आणि रात्री जेवता जेवता पेंगायचा. पाड्यातल्या बायका मला विचारायच्या, सुनेची जागा गेली म्हणे. मी म्हणायची, गेली नाही, राखलीय. कोण राखतंय, असं विचारलं की मी आतल्या अंथरुणाकडं बोट दाखवायची. त्यांना वाटायचं म्हातारीचं डोकं फिरलं. निम्म्या बायका त्याच कारखान्यातल्या, त्यांच्याही पगारातून कापलं जातं. मी सगळ्यांना सांगितलं. किती जणींना पटलं माहीत नाही. कारण मलाही ते पूर्ण पटलेलं नव्हतं.

मग एक दिवस सुनेच्या मोबाइलवर मेसेज आला. तिनं वाचून दाखवला. मी विचारलं, हे कशाचे? ती म्हणाली, पडून राहिल्याचे. आणि पहिल्यांदा मी तिला आवाज करून हसताना ऐकलं. हसता हसता खोकला आला नाही, हेही दोघींच्या एकदमच लक्षात आलं.

औषध संपलं, थुंकी स्वच्छ आली, बाईंनी कामावर जायला हरकत नाही असा दाखला दिला. आदल्या रात्री सून एकदाही खोकली नाही, पण झोपलीही नाही. सकाळी आम्ही दोघी निघालो. मी म्हटलं, मी फक्त फाटकापर्यंत. दाखला तिनं मुकादमाच्या हातात दिला. त्यानं तो उलटसुलट पाहिला आणि जरा वेळ घेतला, मला मुद्दाम छळायला म्हणून घेतला असणार. मग त्या नव्या मुलीला त्यानं पाकिटं भरायच्या टेबलावर पाठवलं. ती कुरकुरली, पण गेली. सुनेचं नाव पुकारलं. सुनेनं ओ दिली. इतक्या हळू दिली की त्याला दुसऱ्यांदा पुकारावं लागलं.

मी घरी आले. चूल विझली होती, नात शाळेत, मुलगा वाडीवर. पाय ठणकत होते. सुनेचं अंथरूण तसंच पसरलेलं होतं, तिची चादर घडी करून उशाशी. मी दार लोटलं आणि त्यावर आडवी झाले, भर सकाळी. या पडण्याचे पैसे मला कुणी देणार नव्हतं, ते वय गेलं. झोप काही लागली नाही. शेजारणीनं ओट्यावरून हाक मारली, दोनदा मारली.

मी ओ दिली नाही.